कळीच्या मापाने दिल्ली

वसईजवळच्या आमच्या निर्मळ गावात फुलांचं अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. सोनचाफा सोपाऱ्याच्या बाजारात न्यायचा असेल तर अर्धा उमललेला तोडला तरी चालतो. वसईला न्यायचा तर पाकळ्यांची टोकं नुकती सुटलेली हवीत. आणि दादरला पाठवायचा तर कळी पिवळी झालेली, पण पक्की मिटलेली हवी. दादरच्या पुढे आमच्या मापात गावच नाही. दादरच्या पुढे फूल जात नाही, आणि गेलंच तर ते फूल म्हणून पोचत नाही, पाचोळा म्हणून पोचतं.

हे मी सांगतेय ती अडाणी म्हणून नव्हे. उभा जन्म मी वसईतल्या एका शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर दोरा कसा ठेवायचा, रस्त्याच्या वळणांवरून तो कसा फिरवायचा, मग ताणून प्रमाणपट्टीवर कसा मोजायचा, हे वसईतल्या अर्ध्या तरण्या पोरांना मीच शिकवलंय. आजही बाजारात कुणी मिशावाला बाप्या पाया पडला की समजावं, याने कधीतरी माझा दोरा हरवला होता. पहाटे वाडीत फुलं, सकाळी साडी बदलून शाळा, असं माझं आयुष्य गेलं. नोकरी संपली, वाडी राहिली. तर अंतर या विषयात मला कुणी शिकवायचं कारण नाही, असं मला वाटत होतं.

माझा धाकटा भाऊ आणि मी एकाच घरात राहतो. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, चौथीत होती तेव्हा तिची आई गेली. दुसऱ्या दिवशीपासून तिची वेणी मी घालायला लागले. मला स्वतःला मूलबाळ नाही, लग्नच केलं नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या डोक्याचा गुंता सोडवायची सवय नव्हती. पहिले काही दिवस ती ओरडायची आणि मी खेकसायचे. मग हात बसला. बारावीपर्यंत तिच्या केसांना माझ्याशिवाय कुणी हात लावला नाही. पुढे ती शिकली, नोकरीला दिल्लीला गेली, केस कापून खांद्यापर्यंत आणले. मी दोन दिवस बोलले नाही. नंतर बोलले.

तिथेच तिने मुलगा पसंत केला. मुलगा चांगला, घर चांगलं, सगळे शुद्ध तुपातलं खाणारे आणि गोड बोलणारे. लग्न आपल्याकडे करायचं असं ठरत होतं, पण विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांना प्रवास झेपणार नव्हता. भाऊ म्हणाला, दिल्लीत करू. मी म्हटलं, करू. भाची म्हणाली, केस वाढवायला घेतलेत. मला एवढंच हवं होतं.

कारण आमच्या घराचा एक नेम आहे. आमच्या घरातली मुलगी विकतच्या फुलांत लग्नाला उभी राहत नाही. पहाटे वाडीतला चाफा तोडायचा, त्याची वेणी गुंफायची, आणि संध्याकाळी मुलगी उभी राहिली की ती फुलं तिच्या डोक्यावर उमलायची. माझ्या दोन्ही आत्यांची अशी झाली, बहिणींची झाली. फुलं पिकवणाऱ्याने लग्नाला फुलं विकत आणायची म्हणजे गोठा असलेल्याने पिशवीतलं दूध आणण्यासारखं. तेव्हा भाचीची वेणी आमच्या चाफ्याची होणार आणि ती मी घालणार, हे मी फोनवर विहीणबाईंना सांगून टाकलं.

त्या हसून म्हणाल्या की तकलीफ कशाला, इथे सगळं मिळतं, गुलाब, रजनीगंधा, जे म्हणाल ते. मी म्हटलं, मिळत असेल. त्या म्हणाल्या, बहनजी, सब हो जाएगा. हे ‘सब हो जाएगा’ ऐकलं की माझं डोकंच फिरतं. काय हो जाएगा? कोण करेगा? मी फोन ठेवला तेव्हा भाऊ म्हणाला की तू विहिणीशी बोलत होतीस की वर्गातल्या पोराशी. भाचीचाही फोन आला. म्हणाली, आत्या, नको एवढा त्रास, मी इथे गजरा घेईन ना. ते मात्र मला लागलं. जेवण गेलं नाही त्या दिवशी.

आता प्रश्न अंतराचा. भावाने मोबाईलवर बघून सांगितलं, मुंबई ते दिल्ली विमानाने दोन तास आणि वर थोडं. सरळ रेषेत अंतर साधारण साडेअकराशे किलोमीटर, रस्त्याने मोजलं तर आणखी दोन-अडीचशे वाढतं. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, विमानाचा दोरा ताणावा लागत नाही. पण दोन तास हे विमानाचे. माझी कळी विमानतळावर उगवत नाही. ती निर्मळला उगवते. तिथून हायवे, चिंचोटीचे ट्रक, खाडीवरचा पूल, दहिसर, मग विमानतळावरची तपासणी, मग ते दोन तास, मग दिल्लीतला रस्ता. पहाटे तोडलेली कळी संध्याकाळपर्यंत मिटलेली ठेवायची, आणि बरोबर वरमालेच्या वेळेला उघडायची. दादरच्या पुढचं माप मला स्वतःच तयार करायचं होतं.

त्यासाठी आमच्याकडे एक युक्ती आहे. केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट भिजवून त्याचा बारीक धागा काढायचा आणि कळीच्या टोकाला दोन वेढे द्यायचे. कळी फुगते, पण धागा तिला सोडत नाही. सणाला भाव चढायची वाट बघायची असली की लोक असं करतात. धागा सोडला की चहाचा कप संपेपर्यंत पाकळ्या सुटतात. मी आठवडाभर आधी तालीम केली. कळ्या तोडल्या, बांधल्या, केळीच्या पानात गुंडाळून ओल्या फडक्यासकट करंडीत ठेवल्या, संध्याकाळी सोडल्या. बसल्याजागी उमलल्या. भावाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, शाबास. मी म्हटलं, शाबास काय म्हणतोस, फोटो काढून दिल्लीला पाठव.

पण यात एक मोठी किंमत होती. कळ्या लग्नाच्याच पहाटे तोडायच्या तर मी आदल्या दिवशी दिल्लीत असू शकत नव्हते. हळद चुकणार, मेंदी चुकणार. सगळे पुढे जाणार आणि मी लग्नाच्या दिवशी एकटी सकाळच्या विमानाने जाणार. भाऊ रागावला. तो सहसा रागावत नाही. म्हणाला, दिल्लीत या दिवसांत धुकं असतं, विमानं तासन् तास उशिरा उतरतात. फुलांच्या नादात पोरीचं लग्नच चुकलं तर? तो बरोबर बोलत होता. नुसती काकू म्हणून, मावशी म्हणून कुणीही हळद लावू शकतं. पण वेणी मला घालायची होती, आणि ती आमच्या झाडाची हवी होती. एवढा हट्ट मी आयुष्यात दुसऱ्या कशासाठी केलेला नाही. मी केला.

आणखी एक अडचण झाडांनी घातली. थंडीत चाफा आखडतो. पावसाळ्यात जिथे करंड्या भरतात, तिथे डिसेंबरात ओंजळ भरायची मारामार. त्या पहाटे मी बॅटरी आणि आकडी घेऊन सगळी झाडं पालथी घातली तरी वेणी भरेल एवढ्या कळ्या होईनात. कुंपणापलीकडे शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाची वाडी आहे. त्यांच्या घरची बाई, माझ्याहून थोडी मोठी, तिच्या झाडाखाली उभीच होती. तिचा चाफा दर रविवारी चर्चच्या वेदीवर जातो आणि तो दिवस रविवारच होता. तिने तिची टोपली माझ्या करंडीत ओतली. मी म्हटलं, अगं वेदीचं काय? ती म्हणाली, फादरांना सांगते, आज शेवंतीवर भागवा, देवाला काय, तो कुठे वास घेऊन हिशेब ठेवतो.

मी क्षणभर अडखळले. आमच्या वाडीतला चाफा, असा नेम. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, विकत घेतेयस का? नाही ना? मग तोंड कशाला वाकडं करतेस. पोर काय एकटी तुझीच आहे? लहानपणी भाची तिच्या घरी किती जेवलीय ते आठवलं आणि मी केळीचे धागे काढले. दोघींनी ओट्यावर बसून कळ्या बांधल्या. तिचे हात माझ्याहून चपळ आहेत, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

गावातल्याच एका ओळखीच्याची गाडी होती. मुंबईहून दिल्लीला विमान जेवढ्या वेळात जातं, जवळजवळ तेवढाच वेळ मला निर्मळहून विमानतळाला लागला. रविवारची पहाट असूनही चिंचोटीला ट्रक एकामागोमाग उभे होते. करंडी मांडीवर, आणि मी ड्रायव्हरला सूचना देतेय. शेवटी तो म्हणाला, बाई, तुम्ही मला सातवीला होतात, तेव्हापण असंच ओरडायचात. मग मी जरा आवरतं घेतलं.

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून करंडी गेली आणि थांबली. वर्दीतल्या मुलीने विचारलं, यात काय? मी म्हटलं, चाफा, लग्नाचा. तिने पान बाजूला केलं, ओणवी झाली आणि तशीच राहिली. मागची रांग कुरकुरायला लागली. मी तिला एक कळी दिली. तिने ती खिशात ठेवली आणि करंडी दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिली. बॅगा कशा ढकलतात ते मी पाहत होते. माझ्या करंडीला तो मान मिळाला याचं मला फार बरं वाटलं.

विमानात मी ती पुढच्या सीटखाली, माझ्या दोन पावलांच्या मध्ये ठेवली. आत चांगलं गारेगार होतं. लोक शाली मागत होते आणि मी खूश होते. गारवा म्हणजे कळीची झोप. जेवढं गार तेवढं बरं. दोन तास झाले तरी विमान उतरेना. पायलटने सांगितलं, धुक्यामुळे थोडं थांबावं लागेल. खिडकीतून खाली पांढरं सोडून काही दिसत नव्हतं, आणि आम्ही आपले गोल गोल फिरतोय. भावाचं तोंड डोळ्यांसमोर आलं. आयुष्यभर पोरांना सांगितलं की दोन गावांमधलं सगळ्यात कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, आणि आता मी वर्तुळात अडकले होते. मी आमच्या गावच्या देवाला म्हटलं, मला वेळेवर पोचव, मग बाकीचं माझं मी बघते. त्याने ऐकलं. दुपारी मी हॉलवर पोचले.

भाऊ दारात उभा होता. मला बघून त्याने फक्त डोळे मिटून उघडले. मी तिथेच करंडी उघडून दाखवली. एक कळी उमललेली नव्हती. एकसुद्धा नाही. झाडावर होती तशीच्या तशी, पिवळी, टोकदार, टवटवीत. मी म्हटलं, बघ, म्हणत होतास ना. निर्मळचा चाफा दिल्लीत आला, आणि तो मी आणला. मला त्या क्षणी जो ताठा चढला होता तो मी लपवणार नाही. का लपवावा? शिवाजी पार्कात भाषण केलं असतं मी त्या वेळेला.

नवरीच्या खोलीत भाची बसली होती. हातभर मेंदी, चेहऱ्यावर कसलासा लेप. ती उठली आणि मला चिकटली तेव्हा माझी साडी त्या लेपाने भरली. केस खरंच वाढवले होते तिने, पाठीवर रुळतील एवढे. मेकअपवाली मुलगी केसांना हात लावायला लागली तर भाची तिला म्हणाली की केस सोडून बाकी सगळं तुझं. मी अंगठ्याने एकेक धागा सोडायला सुरुवात केली. सगळे धागे सुटले. चहा मागवला. चहा प्यायले. कळ्या जशाच्या तशा.

मला वाटलं, प्रवासाने दमल्या असतील. आणखी थांबले. एक कळी हातात घेऊन फुंकर मारली, पाकळी नखाने हलकेच ओढली. ती लाकडासारखी. पुन्हा ओढली तर तुटली. खोलीत मोठी खिडकी होती, बाहेर ऊन म्हणून जे काही होतं ते दुधाळ आणि थंड. माझे स्वतःचे हात गारठलेले होते, बोटं वळत नव्हती, शालीखाली मी कुडकुडत होते. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लखलखाट झाला.

समुद्राकाठचं हवामान सम असतं, समुद्रापासून दूरचं विषम. उदाहरणार्थ मुंबई आणि दिल्ली. परीक्षेत दर वर्षी यायचं हे, फरक स्पष्ट करा, आणि ज्याने चुकवलं त्याला मी उभं करायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी रस्ता मोजला, वेळ मोजला, धुकंसुद्धा धरलं, आणि थंडी विसरले. विसरले म्हणजे काय, ती माझ्या बाजूची आहे असं समजले. आम्ही वसईवाले जन्मभर एकच शिकतो, कळी उमलू कशी नाही द्यायची. उमलवायची कशी, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. ते काम आमच्याकडे हवा करते, फुकट.

मेकअपवालीने केस वाळवायचं मशीन पुढे केलं. एका कळीवर गरम वारा सोडून पाहिला, तर पाकळीची कड करपली, तपकिरी झाली. मी ते मशीन बंद करायला लावलं. भाऊ आत येऊन गेला, त्याने बघितलं, आणि हळूच म्हणाला की खाली गजरे आहेत, गुलाब आहेत, मी घेऊन येतो. मी कळ्यांकडे बघत बसले. वरात निघायची वेळ होत होती.

भाची म्हणाली, “आत्या, कळ्यांचीच घाल. मिटलेल्या तर मिटलेल्या. मी दुसरं काही घालणार नाही.”

मिटलेल्या कळ्या डोक्यात घातल्या तर मिरच्या खोवल्यासारख्या दिसतात. एवढ्या लांबून मी मिरच्या खोवायला आले होते का? मला रडू येत होतं आणि राग येत होता, दोन्ही एकदम. तिने कधी नव्हे तो हट्ट केला होता आणि तो पुरवायला माझ्याकडे काही नव्हतं.

तेवढ्यात काठी टेकत विहीणबाई आल्या. मागून एक मुलगी त्यांची रजई आणि रबराची गरम पाण्याची पिशवी घेऊन आलेली, गुडघा शेकायला. त्या सुनेला बघायला आल्या होत्या. त्यांनी करंडी पाहिली, माझं तोंड पाहिलं, आणि काय झालंय ते त्यांना न सांगता कळलं. मी मनाची तयारी केली. आता येणार ते, ‘सब हो जाएगा’. फोनवर मी जे काही ताठ बोलले होते त्याची परतफेड व्हायची वेळ आली होती, आणि ती रास्तही होती.

त्या पलंगावर बसल्या, पाय वर घेतले, रजई पसरली आणि तिचं एक टोक उचलून धरलं.

“लाइए इधर,” त्या म्हणाल्या. “हमारे यहाँ जाड़े में दही भी रज़ाई में ही जमता है. फूल क्यों नहीं खिलेंगे?”

मी करंडी आत सरकवली. त्यांनी गरम पिशवी आपल्या गुडघ्यावरून काढली, टॉवेलात गुंडाळली आणि करंडीच्या तळाशी लावली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या की तुम्हीपण या, अंगाची ऊबही लागते. आता काय करणार! मी चपला काढल्या आणि विहिणीच्या रजईत शिरले. मध्ये करंडी, अलीकडे मी, पलीकडे त्या. नवरीच्या खोलीत दोन्हीकडच्या मुली ये-जा करत होत्या आणि आम्हाला बघून तोंडं दाबून हसत होत्या. हसोत.

असं बसल्यावर माणूस किती वेळ फुगून राहणार? त्यांनी गुडघ्याचं सांगितलं, मी माझ्या पाठीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलगा लहानपणी फार हट्टी होता. मी म्हटलं, आमचीही काही कमी नाही. त्यांनी विचारलं, हे झाड केवढं असतं. मी हात उंचावून दाखवलं. समुद्र किती लांब? घरातून ऐकू येतो का? मी म्हटलं, वारा असला की येतो. त्या म्हणाल्या, त्यांनी समुद्र एकदाच पाहिलाय, लग्न झाल्यावर. मी त्यांना म्हटलं, गुडघा बरा झाला की या, दोन तासांचं तर विमान आहे. आणि म्हणताना माझं मलाच हसू आलं.

आधी वास आला. बघण्याआधी. रजईच्या कडेतून तो हळूच वर आला आणि विहीणबाई बोलता बोलता थांबल्या. मी रजई उचलली. सगळ्या नव्हत्या उमलल्या, पण निम्म्याहून जास्त पाकळ्या सोडून मोकळ्या झाल्या होत्या, आणि राहिलेल्यांची टोकं सुटली होती. अगदी वसईच्या बाजाराला न्यायच्या तशा. मी ओरडलेच, बाई गं! विहीणबाईंनी एक फूल उचलून डोळ्यांना लावलं. मग मला ढोसलं आणि म्हणाल्या की चला, बसा वेणी घालायला, बारात निघाली.

मी वेणी घातली. बोटांत ऊब आली होती, आणि ते डोकं माझ्या बोटांच्या ओळखीचं होतं. कुठे केस उलटे वळतात, कुठे ओढलं की ती मान झटकते, सगळं. ती एकदाही ओरडली नाही, मीही खेकसले नाही. फुलं गुंफून झाली तेव्हा पाठमोऱ्या तिच्याकडे बघून मला वाटलं, आहे का कुणाची अशी दिल्लीत? नव्हतीच. आजही मी हे छातीवर हात ठेवून सांगेन.

स्टेजवर वरमाला झाली, मग दोघं कोचावर बसली. राहिलेल्या कळ्या तिथल्या दिव्यांच्या उष्णतेने एकेक करून सुटत होत्या. त्यांच्याकडचे लोक भेटायला येत, पाकीट देत, फोटोला उभे राहत, आणि जाताना थबकून मागे वळत. हा वास कसला? मोगरा? नाही. केवडा? नाही. भाची प्रत्येकाला सांगत होती, चंपा, आमच्या वाडीतला, वसईचा. मी तिच्या मागे उभी होते, पदर सांभाळायला. दुपारपासून त्या घरातल्या सगळ्यांनी मला ‘बुआजी’, म्हणजे आत्या, म्हणूनच हाक मारली होती. बुआजी चहा, बुआजी बसा. भाचीनेही माझी ओळख सगळ्यांना तशीच करून दिली होती.

मग त्यांच्या घरातली एक खूप म्हातारी बाई दोघांचा आधार घेत स्टेजवर आली. तिला नीट दिसत नव्हतं. तिने भाचीचा चेहरा चाचपला, मग मागे वेणीला हात लावला, हुंगला, आणि विचारलं की बेटा, ही ताजी फुलं कुठून आली?

भाची म्हणाली, “आज सुबह घर के पेड़ से तोड़कर लाई हैं. मेरी माँ.”

आणि मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं, म्हातारीला मी दिसावी म्हणून. बाजूला उभा असलेला माझा भाऊ एकदम बुटाची लेस बघायला लागला. त्याच्या बुटांना लेस नव्हती. माझी दृष्टी पार गढूळ झाली होती आणि समोर फोटोवाला उभा होता.

“ताठ बस गं,” मी म्हटलं. “वेणी सरकतेय.”